गावाकडचा वाडा नक्की कधीचा, हे कसं शोधायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नीरा खोऱ्यातल्या एका गावात पणजोबांचा दोन चौकी वाडा आहे, घरातले सगळे त्याला पेशवेकालीन म्हणतात, कौलांवर १८६५ असा आकडा आहे, सातबाऱ्यावर वाड्याचा उल्लेखच सापडत नाही आणि माडीवरच्या ट्रंकेत मोडी कागदांची बोचकी पडलीत. तर वाडा कधीचा, कोणी बांधला, आणि शोधायला सुरुवात कुठून करायची.

मी बरीच वर्षं देशावरचे जुने वाडे मोजायचं आणि त्यांचे कागद वाचायचं काम करतोय, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो. पहिली गोष्ट, पेशवेकालीन हा शब्द तूर्तास बाजूला ठेवा. पेशवाई १८१८ ला संपली. मी पाहिलेल्या खेड्यातल्या वाड्यांमध्ये आज उभं असलेलं बांधकाम बहुतेक वेळा त्यानंतरचं, साधारण १८५० ते १९३० मधलं निघतं. जागा जुनी असते, जोतं जुनं असतं, कधीकधी पुढचा दगडी दरवाजा खरंच अठराव्या शतकातला असतो, पण वरचं लाकूडकाम, माडी, छप्पर हे इंग्रजी अमलातलं. यात कमीपणा काही नाही, उलट त्या काळातल्या वाड्याचा इतिहास कागदोपत्री खूप नीट लावता येतो.

इंग्रजी अमलात खेड्यात एवढे वाडे का उठले याची कारणं समजून घेतलीत तर तुमच्या वाड्याचा काळ निम्मा तिथेच सापडेल. इंदापूर तालुक्यात १८३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमिनीची नवीन मोजणी सुरू केली, त्याआधी प्रिंगल या अधिकाऱ्याची मोजणी झाली होती पण त्यातला शेतसारा फार जड होता आणि ती फसली. नव्या पद्धतीत प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, जमिनीची प्रत ठरली आणि सारा तीस वर्षांसाठी बांधून दिला. ज्याच्याकडे चांगली जमीन होती त्याच्या हातात पैसा राहायला लागला. मग अमेरिकेत यादवी युद्ध झालं, १८६१ ते ६५ मध्ये कापसाचे भाव चढले, रेल्वे १८६० पर्यंत सोलापूरला पोचली आणि बोरघाटातली लाइन १८६३ ला सुरू झाली म्हणजे मुंबई थेट जोडली गेली. तुमच्या पट्ट्यात तर नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५ च्या सुमारास आलं, ऊस आणि गूळ आला. म्हणून त्या भागात कालव्याच्या आधीचा वाडा आणि कालव्याच्या नंतरचा वाडा असा फरक मी कायम डोक्यात ठेवतो, नंतरच्यात लोखंड, रंगीत काचा, नक्षीचा कठडा असा बाजारातून आणलेला माल जास्त दिसतो.

पण दुसरी बाजू पण आहे आणि ती घरच्या गोष्टींमध्ये कोणी सांगत नाही. १८६५ नंतर कापूस कोसळला, साऱ्याची तीस वर्षांची मुदत संपल्यावर फेरमोजणीत सारा वाढला, शेतकरी कर्जात गेला, आणि १२ मे १८७५ ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला दंगा होऊन सावकारांची कर्जखतं जाळली गेली. तो दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यात पसरला. पाठोपाठ १८७६ ते ७८ चा दुष्काळ. या काळात अनेक घरं आणि जमिनी हातोहात गेल्या. तुमचा वाडा पणजोबांनी बांधला, का कोणाकडून गहाणात आला, हा प्रश्न मनात धरूनच कागद वाचा. वाईट वाटून घेऊ नका, इतिहास शोधायचा म्हणजे जे निघेल ते घ्यायची तयारी हवी.

आता १८६५ चं कौल. हा आकडा बघून लोकं हमखास वाड्याचं वय ठरवतात. तो बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनच्या मंगळूरच्या कौल कारखान्याच्या स्थापनेच्या वर्षाचा आहे, कौल कधी भाजलं त्याचा नाही. तोच शिक्का पुढे कित्येक वर्षं उठत राहिला. पहिल्या महायुद्धात सरकारनं मिशनचे कारखाने ताब्यात घेतले आणि नंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, त्यामुळे कॉमनवेल्थचं नाव असलेली कौलं सापडली तर ती १९१९ नंतरची समजा. एक दोन कौलं बघून थांबू नका, छपराच्या चारी बाजूंनी पाच पंचवीस काढून खालची बाजू बघा, दुरुस्तीत वेगवेगळ्या कारखान्यांचा माल मिसळलेला असतो. मंगळुरी कौल तुमच्या गावापर्यंत यायचं म्हणजे समुद्रातून मुंबई आणि मग रेल्वे, आणि पुणे मिरज लाइन पुरी व्हायला १८९० च्या आसपासचा काळ उजाडला. तेव्हा मोठ्या प्रमाणावर कौलं त्यानंतरच आली असणार, हा माझा अंदाज.

मग आधी वर काय होतं? तुमच्या कोरड्या पट्ट्यात बहुतेक माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. हे ओळखायची खूण सोपी आहे. भिंतीच्या वरच्या भागात बाहेरून दगडी पन्हळ आलेली दिसते का बघा, कौलारू छपराला तिचं काही काम नसतं, ती माळवदाचं पाणी काढायला असते. माडीच्या वरच्या तुळया खूप जाड आणि कड्या, म्हणजे तुळयांवरची आडवी लाकडं, अगदी जवळ जवळ असतील तर त्यांच्यावर कधीकाळी फूट दीड फूट मातीचा भार होता. कौलाच्या हलक्या छपराला एवढं लाकूड कोणी घालत नाही. असं दिसलं तर तुमच्या वाड्याचे सरळ दोन टप्पे झाले, माळवदाचा आणि कौलाचा, आणि दोन्ही टप्प्यांची तारीख वेगवेगळी शोधायची.

घर वाचताना मी खालून वर जातो. जोत्याचे दगड घडीव आहेत का ओबडधोबड, सांध्यात चुना आहे का माती. वर वीट असेल तर तिची जाडी मोजा, जुनी वीट पातळ असते, नऊ इंच लांबीची जाड वीट म्हणजे इंग्रजी काळ. खिळे बघा, हातानं ठोकलेला चौकोनी खिळा आणि कारखान्यातला गोल तारेचा खिळा यात जमीन अस्मानाचा फरक आहे, गोल खिळा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे सरसकट व्हायला लागतो. लोखंडी तुळई असेल तर तिच्यावर उठवलेलं कंपनीचं नाव वाचा, डॉर्मन लाँग असेल तर ती कंपनीच १८७५ ची, टाटा असेल तर १९१२ च्या आधीचं शक्यच नाही कारण जमशेदपूरला पोलाद तेव्हा सुरू झालं. काही ठिकाणी रेल्वेचे जुने रूळ तुळई म्हणून वापरलेत, त्यांच्या कडेला कारखान्याचं नाव आणि वर्ष उठवलेलं असतं, खरवडून बघा. फक्त हे लक्षात ठेवा की रूळ जुना झाल्यावर विकला जायचा, म्हणजे ते वर्ष "याच्या आधी नाही" एवढंच सांगतं. लाकडालाही तेच लागू, कारण पडक्या वाड्याचं सागवान नव्या वाड्यात घालायची सर्रास पद्धत होती. खांबावर रिकाम्या खाचा दिसतात ज्यांत काहीच बसलेलं नाही, तो खांब दुसरीकडून आलाय. सिमेंटचा गिलावा किंवा नक्षीच्या सिमेंट फरशा असतील तर ते विसाव्या शतकातलं, भारतात सिमेंट नीट सुरू झालं १९१४ ला पोरबंदरला, आणि मुंबईत भारत टाइल्स १९२२ ला.

हे सगळं करताना एक नकाशा काढाच. हातानं काढलेला चालेल, पण खणाच्या मापानं काढा, कारण जुन्या लोकांनी घर खणात बांधलंय, फुटात नाही. दोन खांबांमधलं अंतर मोजत जा. जिथे ते अचानक बदलतं तिथे वाडा वाढवलाय किंवा भावाभावांत वाटणी झालीय. ओसरी, सोपा, माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, धान्य साठवायचं बळद आणि पेव, सगळ्यांची जागा मांडा. मागच्या चौकाचे खण पुढच्यापेक्षा लहान असतील तर मागचा चौक आधीचा असायची शक्यता धरून चाला, बऱ्याच घरी आधी राहायचं घर झालं आणि पैसा आल्यावर पुढे कचेरीचा चौक.

आता कागद. सातबाऱ्यावर वाडा नाही म्हणून घाबरू नका, तो तिथे नसतोच. सातबारा शेतजमिनीचा. आपल्याकडे काळी आणि पांढरी असे दोन भाग जुन्या काळापासून आहेत, काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. मोजणी सारा ठरवायला झाली, आणि गावठाणावर शेतसारा नव्हता, म्हणून गावच्या नकाशात गावठाण नुसतं एक कोरं ठिगळ दिसतं. गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरांच्या आकारणीचा उतारा बघा आणि नुसता चालू नको, कपाटातली सगळ्यात जुनी रजिस्टरं मागा. गाव मोठं असेल तर गावठाणाचा सिटी सर्व्हे झालेला असू शकतो, मग मालमत्ता पत्रक आणि त्या वेळची चौकशी नोंदवही भूमी अभिलेखच्या तालुका ऑफिसात मिळते. या चौकशी नोंदवहीत त्या वेळी कोण कुठल्या खोलीत राहत होतं, कोणाचा हक्क कशावरून, असं बरंच काही लिहिलेलं सापडतं आणि लोकं ती मागतच नाहीत. अलीकडे २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजली गेली, त्याचा नकाशा आजची हद्द समजायला कामाचा, इतिहासाला नाही.

वाडा गावठाणाबाहेर, रानात वस्तीवर असेल तर गोष्ट वेगळी आणि खरं तर सोपी. तेव्हा तो सर्व्हे नंबरात बसतो. त्या नंबराचं टिपण, गुणाकार बुक (टिपणावरून क्षेत्र काढल्याची वही) आणि आकारबंद (नंबरवार क्षेत्र आणि साऱ्याची नोंदवही) काढा. टिपण म्हणजे मोजणीदारानं शंकू साखळीनं शेत मोजून जागेवर काढलेली आकृती. ती साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, आणि साखळी बाय साखळी म्हणजे १ गुंठा, १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. टिपणावरचे आणे बघून गोंधळू नका, ते पैसे नाहीत, अंतर आहे. आकारबंदात पोटखराब हा रकाना बघा. घर, खळं, विहीर याखाली गेलेली जमीन लागवडीलायक नाही म्हणून पोटखराबात टाकली जायची. पहिल्या मोजणीत पोटखराब शून्य आणि फेरमोजणीत दोन चार गुंठे वाढलेले दिसले, तर त्या मधल्या तीस वर्षांत तिथे काहीतरी उभं राहिलंय, ते घर का विहीर हे जागेवर ताडून बघायचं. सरकारनं घराची नोंद ठेवली नाही पण साऱ्यातून सूट द्यायची म्हणून नकळत ठेवली, मला हा कागद फार आवडतो त्यामुळे.

माणसांचा धागा लागतो फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदवहीत. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, प्रत्यक्षात बऱ्याच गावांत नोंदी १९१० नंतर सुरू झाल्या. तेव्हापासूनचे फेरफार क्रमानं काढा, एकेक वाचा. कोण कधी मयत, वारस कोण, वाटणीत कोणाला काय, कर्ज कोणाचं बसलं, सगळं तिथे. नावापुढे ए.कु.मॅ. असेल तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलाय, एकटा मालक म्हणून नाही, आणि अ.पा.क. म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता, म्हणजे बाप लवकर गेलाय. तो मृत्यू १८९७ च्या प्लेगच्या किंवा १९१८ च्या तापाच्या साथीतला निघतो का, हे गाव नमुना १४ मध्ये, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, तपासा. प्लेगमध्ये लोकं गावठाण सोडून रानात झोपड्या घालून राहिली आणि काही घरं परत आलीच नाहीत, रानातल्या काही वस्त्या अशा सुरू झाल्या. कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ पासून यातली खूप दफ्तरं स्कॅन होऊन जिल्ह्याच्या वेबसाइटवर आलीत, त्यात आधी बघा, हेलपाटा वाचेल. महाभूमीच्या ई अभिलेखमध्येही जुने फेरफार आणि सातबारे बऱ्याच तालुक्यांचे आहेत.

घरात इनाम किंवा वतन, म्हणजे सरकारनं दिलेली जमीन किंवा गावकामाचा वंशपरंपरागत हक्क, होतं का? पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, काहीही. असेल तर तुमचं नशीब जोरात, कारण १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशननं प्रत्येकाला पुरावा मागितला, सनदा तपासल्या, आणि १८७४ च्या वतन कायद्यानंतरही चौकश्या झाल्या. या चौकश्यांत वंशावळी जोडलेल्या असतात. हे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला अजून सगळे पेशवे दफ्तर म्हणतात, तिथे बघायचे. वाडा खरंच १८१८ आधीचा असेल तर त्याचा माग पण इथेच लागेल, घरच्या तोंडी गोष्टीत नाही. जमीन किंवा घर विकत आलं असेल तर दुय्यम निबंधकाकडे इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या खतांची सूची, बघा. स्थावराच्या शंभर रुपयांवरच्या विक्रीची नोंदणी १८६५ पासून सक्तीची आहे आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानंतर शेतकऱ्यांची खतं गावच्या निबंधकापुढे करावी लागायची, म्हणून तुमच्या ट्रंकेत त्या काळातली स्टॅम्पवाली खतं असतील तर ती वेगळी काढा. त्यात घराची चतुःसीमा लिहिलेली असते, पूर्वेस अमक्याचं घर, दक्षिणेस बोळ, आणि कधीकधी "खण इतके, माळवदासह" इतकं स्पष्ट. वाड्याची तारीख लावायला याच्याइतका चांगला कागद दुसरा नाही.

ट्रंकेतल्या मोडीबद्दल. सगळ्यात आधी त्यातल्या कीर्द खतावण्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या, शोधा, लांबट असतात. बांधकामाच्या वर्षात सुतार, गवंडी, पाथरवट, चुना, वाळू, कड्या असे खर्च रोजच्या रोज पडलेले असतात. गावाच्या आसपास चुना दळायच्या घाणीचा गोल चर किंवा दगडी चाक पडलंय का तेही विचारा. तारखांमध्ये फसू नका. शक असेल तर ७८ मिळवा. महसुली कागदावर फसली साल असतं, आपल्याकडे त्यात ५९० मिळवायचे. फसली १२८७ म्हणजे १८७७-७८, ऐन दुष्काळ. अगदी जुन्या कागदावर सुहूर सन असतो, त्यात ५९९ किंवा ६००. नुसता १२८७ आकडा बघून वाडा यादवकाळात नेणारी माणसं मी पाहिलीत, तेव्हा आकड्याच्या आधीचा शब्द वाचल्याशिवाय काही ठरवू नका.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. वाड्याचा इतिहास म्हणजे मालकांची वंशावळ एवढंच करू नका. भिंत घडवणारे वडार आणि पाथरवट, तुळई चढवणारा सुतार, दाराच्या कड्या कोयंडे करणारा लोहार, आणि देवडीवर रात्रभर उभा राहणारा वतनदार महार, यांच्याशिवाय तो वाडा एक दिवस चालला नसता. वतनाच्या नावाखाली किती राबवून घेतलं जायचं हे डॉ. आंबेडकरांनी १९२८ ला मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणून मांडलं होतं. ती वतनं शेवटी १९५८ च्या कायद्यानं गेली. या घरांची पुढची पिढी तुमच्याच गावात असेल, त्यांच्याकडे जा, त्यांच्या आठवणीतला वाडा कसा होता, कुठल्या दारानं आत यायला लागायचं, कुठपर्यंत यायची परवानगी होती, धान्य कुठे मोजून मिळायचं हे ऐका आणि मालकाच्या आठवणींइतक्याच काळजीनं लिहून घ्या. तुमच्या नकाशावर ते दार आणि ती हद्द पण दाखवा. तसंच घरातल्या बायकांचं. १९५६ च्या वारसा कायद्याआधीच्या फेरफारात लेकी जवळपास दिसतच नाहीत, पण माडी कधी चढली, मागचा चौक कोणाच्या लग्नाआधी बांधला, हे माहेरवाशिणींना पक्कं आठवतं. लग्नाचं साल काढता येतं, म्हणजे चौकाचं साल मिळालं. ऐंशीच्या पुढची आत्या किंवा आजी कोणी असेल तर कागदाच्या आधी तिच्याकडे जा, कागद थांबतील.

वाडा उतरणीला का लागला हेही शोधा. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, त्यानंतर कसणाऱ्या कुळांच्या नावावर जमिनी झाल्या, ते योग्यच होतं, पण जमिनीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या वाड्याचा खर्च निघेना. फेरफारात ३२ ग या कुळकायद्याच्या कलमाचा उल्लेख दिसला की ते वर्ष टिपून ठेवा. काही गावांत गांधीहत्येनंतर ब्राह्मणांची घरं जळाली, सातारा सांगलीकडे विशेष, तुमच्याकडे तुळया एका बाजूनं कोळपलेल्या असतील तर गावात जपून विचारा, जखमा अजून ओल्या आहेत.

शेवटी कागदांची काळजी. लॅमिनेशन अजिबात करू नका, कागद आत कायमचा मरतो. उन्हात वाळवू नका, सेलोटेप लावू नका. आहेत त्या क्रमानं, बोचकं कुठलं आणि त्यातला कितवा कागद असा नंबर देऊन, मापाची पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा आणि मगच घड्या उलगडा. मूळ कागद धुतलेल्या सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा. मोडी वाचणारा मिळत नसेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा, तिथे मोडी जाणणारी माणसं भेटतात. वाचायला देताना आधी स्टॅम्पवाली खतं द्या, मग कीर्दी, पत्रं सगळ्यात शेवटी. आणि कौलं बदलायचा किंवा भिंत गिलाव्यात घालायचा विचार या वर्षात चालू असेल तर पन्हळी, खिळे, तुळयांवरची नावं यांचे फोटो झाल्याशिवाय गवंड्याला हात लावू देऊ नका.